वाचनालयात बसवलेला नवरा

चाहूलबाईंना स्वस्थ बसता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होती. खुर्चीत बसल्या की पाय हलणार. पाय दाबून धरले तर बोटं टेबलावर ताल धरणार. बोटं आवळली तर भुवया कामाला लागणार. एकदा दवाखान्यात छातीचा फोटो काढताना "अजिबात हलू नका" म्हणून सांगितलं, तर बाईंनी श्वास मात्र इमानेइतबारे रोखला, आणि फोटो कसा येतोय ते बघायला मान वळवली. त्या फोटोत त्यांना दोन हनुवट्या आहेत म्हणतात. आता म्हणणारे काय, काहीही म्हणतात. पण फोटो त्यांनी कोणाला दाखवलेला नाही, एवढं खरं.

माणूस आला-गेला ओळखणारे सेन्सर बसवायचं त्यांचं काम, म्हणून लोक त्यांना चाहूलबाई म्हणत. शिवाय गल्लीत कोणाकडे पाहुणे उतरले, कोणाची सून रुसून माहेरी निघाली, याची चाहूलही सगळ्यांत आधी त्यांनाच लागायची. नाव पडण्याचं खरं कारण हेच, असं शेजारणी सांगतात. मात्र दार लावून सांगतात.

सुरुवातीला बाई कारखान्यात जुळणीच्या टेबलावर होत्या. लांबलचक खोली, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, प्रत्येकीच्या हातात चिमटा आणि समोर भिंग. शर्टाच्या बटणाएवढी धातूची डबी, तिला इवलीशी खिडकी. त्या डबीवर मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे पाडलेली दुधी टोपी बसवायची. या डबीला माणूस कळत नाही. तिला कळते ऊब, आणि तीही हलली तरच. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ऊब सरकली, की डबी म्हणते, आलं बरं का कोणीतरी! मग कुठे दिवा लागतो, कुठे दार सरकतं, कुठे भोंगा बोंबलतो. काम इतकं नाजूक, की शेजारीण शिंकली तरी टोपी वाकडी बसायची. तिथे बाईंचा गुडघा टेबलाखाली सुरू झाला, की अख्ख्या रांगेचे चिमटे नाचायला लागत. शेवटी बायका एकजुटीने मोठ्या साहेबांकडे गेल्या. "साहेब, एकतर हिला हलवा, नाहीतर टेबल जमिनीला ठोका."

साहेबांनी बाईंना हलवलं. कारखान्याबाहेर, बसवणीच्या तुकडीत टाकलं. तिथे बाई अशा फुलल्या की विचारू नका! दिवसभर शिडीवर चढा, उतरा, या गोदामातून त्या इमारतीत पळा. दुकानांची सरकती दारं झाली, लिफ्टचे दरवाजे झाले, हात न लावता सुरू होणारे इस्पितळातले नळ झाले; पाण्याच्या टाकीत पातळी सांगणारे आणि स्वयंपाकघरात गॅसचा वास घेणारेही त्यांनीच बसवले. बघता बघता बाई तुकडीच्या मुख्य झाल्या. हाताखाली दोघं, शिडीवाले दादा आणि तारवाले भाऊ. रस्त्याने जातानासुद्धा बाईंचं काम चालूच. सरकतं दार दिसलं की त्या पुढे जाऊन मागे येत, पुन्हा पुढे जात. दार कितीशा अंतरावरून ओळखतं ते त्या बघत असायच्या. आत बसलेल्या दुकानदाराला वाटायचं, या बाईंचा काही निर्णय होत नाहीये.

आणि नवरा? नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दुकानात बसला की बसला. श्वास चालू आहे की नाही हे बघायला जवळ जावं लागायचं. गल्लीने त्याला शांतोबा असंच नाव देऊन टाकलं होतं. एकदा एक गिऱ्हाईक काचेतून बराच वेळ आत बघत उभं राहिलं आणि शेजारच्या दुकानात जाऊन म्हणालं, "घड्याळजी आले की सांगा हो, सध्या नुसता पुतळा बसवलाय." सासूबाईंना विचारलं तर त्या सांगत, "अगं, पाळण्यात असल्यापासूनच असा. पाळणा हलायचा, हा नाही!" एक हलत नाही, दुसरी थांबत नाही; दोघांची सरासरी काढली तर एक नीट माणूस निघेल, असं लोक म्हणत. पण संसार दृष्ट लागावी असा चालला होता. बाई बोलत, शांतोबा ऐकत. निदान बाईंची तशी समजूत होती.

तर अशा या बाईंकडे वाचनालयाचं काम आलं.

मोठी, अनेक मजली इमारत. तळाशी वाचनाचं दालन. खिडक्या उंच आणि चिंचोळ्या, त्यामुळे भर दिवसाही मेजामेजांवरचे टोपीचे दिवे लागायचे. माणसं उठून गेली तरी दिवे जळतच राहायचे, म्हणून ग्रंथपालांना सेन्सर हवे होते. हे ग्रंथपाल म्हणजे एक उंच, वाळका गृहस्थ. आयुष्यभर शांतता राखता राखता त्यांचा आवाजच बसला होता म्हणा. ते फक्त कुजबुजत. आनंदही कुजबुजून व्हायचा, संतापही कुजबुजून. आणि संतापलेला माणूस कुजबुजायला लागला, की समोरच्याला ओरडण्यापेक्षा जास्त घाम फुटतो.

बाईंनी छताला दुधी डोळे लावले आणि आपल्या शिरस्त्याप्रमाणे दोन चाचण्या घेतल्या. पहिली चालती चाचणी. दालनभर येरझाऱ्या घालायच्या आणि दिवे लागतात का बघायचं. दुसरी बैठी. सगळ्यांनी खुर्च्यांवर गप्प बसायचं आणि माणसं असताना दिवे जात नाहीत ना, ते बघायचं. माणूस कळला, की सेन्सरच्या पोटात एक लाल ठिपका लुकलुकतो. शिडीवाले दादा बसले, तारवाले भाऊ बसले, बाई त्यांच्या परीने बसल्या. ठिपका लुकलुकत राहिला, दिवे राहिले. झालं! बाईंनी शिडी उचलायला सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून दालनात निराळाच खेळ सुरू झाला. वाचक वाचायला लागले, की थोड्या वेळाने फट्! अंधार. मग कोणीतरी हात हलवायचं, की उजेड. पुन्हा पुस्तकात डोकं घातलं, की पुन्हा फट्! वाचणारी माणसं ती, त्यांनी तक्रार करण्याआधी व्यवस्था लावली. हात हलवायच्या पाळ्या ठरल्या. "अहो, तुमची पाळी आहे ना? इथे खून कोणी केला ते कळायच्या बेतात आहे, हलवा की!" एक पेन्शनर होते, ते वर्तमानपत्राचं पान उलटताना असं काही फडफडवायचे, की दिवा हमखास राहायचा. त्यांच्या शेजारच्या खुर्चीला एकदम भाव आला. एक नवखा माणूस दारात आला, तर समोरून चार-पाच जण हात हलवताहेत. त्याला भरून आलं. त्यानेही हात हलवला आणि सगळ्यांची विचारपूस करत सुटला.

ग्रंथपाल कारखान्यात आले आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर वाकून कुजबुजले, "माझ्या दालनात लोक व्यायाम करतायत."

साहेबांनी बाईंना बोलावलं.

"बाई, बैठी चाचणी घेतली होती?"

"घेतली म्हणजे काय! तिघं बसलो होतो, साहेब. दिव्याने डोळा मिटला नाही."

"मग हे काय म्हणतायत?"

"वाचकच हलत नसतील," बाई म्हणाल्या. म्हटल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"वाचक हलत नाहीत," ग्रंथपाल कुजबुजले. "ते वाचतात."

ग्रंथपाल गेल्यावर साहेबांनी आवाज खाली आणला. त्यांनाही ती कुजबूज लागली असावी. "हे बघा बाई, हे दालन जमलं तर वरचे सगळे मजले आपले. नाही जमलं तर तुकडीला दुसरा मुख्य बघावा लागेल. तुमचं काही नुकसान नाही. जुळणीच्या टेबलावर एक जागा रिकामी आहे."

पुन्हा ती पांढरी टोपी, पुन्हा तो चिमटा आणि दिवसभर एका जागी! मासा पाण्यातून काढून टोपलीत घालून वर "सावलीत ठेवलाय हो" म्हणावं, तसं ते नुकसान नसणं होतं. घरी येऊन त्यांनी सगळा प्रकार नवऱ्याला तीनदा सांगितला आणि चौथ्यांदा सांगताना रडकुंडीला आल्या.

"अहो, मी त्या टेबलावर मरेन हो. शिडीवरून पडून मरेन एक वेळ, पण बसून नाही मरायची."

शांतोबाने हातातला घड्याळाचा काटा खाली ठेवला. त्याच्या हिशेबाने हा फार मोठा उद्रेक होता. "मी येऊ का?" तो म्हणाला.

"तुम्ही येऊन काय करणार?"

"बसेन."

बाईंनी आधी दादा-भाऊंना घेऊन पुन्हा बैठी चाचणी घेऊन पाहिली. पुन्हा पास! सेन्सर बदलून चाचणी घेतली, तरी पास. दादा म्हणाले, "बाई, आपल्यासमोर हे गुणी बाळ आणि आपली पाठ वळली की दिवे लावतंय." शेवटी नाइलाजाने बाईंनी नवऱ्याला आणलं, खुर्चीत बसवलं, हातात पुस्तक दिलं आणि सगळ्यांना बाजूला काढून त्या दाराच्या आडून बघत राहिल्या.

फट्! अंधार. शांतोबाला त्याचं काहीच नाही. खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या तिरपीकडे पुस्तक जरासं सरकवून तो वाचत राहिला.

बाई धावत आत आल्या. दिवे लागले. "भाऊ, तुम्ही बसा आता. हलू नका हं!" भाऊ बसले. दिवे राहिले. "दादा, तुम्ही." दिवे राहिले. बाई पुन्हा दाराआडून दादांकडे टक लावून बघत होत्या, आणि तेवढ्यात त्यांना ते दिसलं. दादा अगदी दगडासारखे बसले होते. फक्त दर थोड्या वेळाने मान वर करून लाल ठिपका बघत होते. ठिपका लुकलुकला की समाधानाने मान खाली.

"दादा, वर काय बघताय?"

"बघतोय आपल्याला बघतोय का ते."

"अहो, तुम्ही बघता म्हणून तो बघतोय!"

भाऊंना हसू फुटलं. बाई ओरडल्या, "हसू नका, तुम्हीही तेच करत होता!" आणि मग आत येऊन मुकाट्याने स्वतः खुर्चीत बसल्या. वर बघायचं नाही असं ठरवून बसल्या, तरी मान आपोआप वर गेली. लाल ठिपका लुकलुकला. जणू डोळा मारला मेल्याने! बाईंना इतकी वर्षं बसवलेले सगळे सेन्सर एका रांगेत आठवले आणि कानशिलं तापली. सेन्सर बसवणारी जगातली सगळी माणसं बसल्या जागी वर बघत असणार. वाचणारा माणूस वर कशाला बघेल?

त्यांनी प्रत्येक ठिपक्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि पुन्हा चाचणी घेतली. मान उचलायचं कारणच उरलं नाही. फट्! फट्! दादांवरही अंधार, भाऊंवरही अंधार. बाई टाळ्या वाजवत नाचत आत आल्या, त्यामुळे दिवे लागले.

रोग सापडला, औषध मात्र करायचं होतं. छत उंच, तिथून चालणारा माणूस कळतो, पण पान उलटणारा हात कळत नाही. बाईंनी डोळे छतावरून उतरवले आणि मेजांवरच्या दिव्यांच्या टोप्यांखाली एकेक बसवले, असे की त्यांना फक्त पुस्तक आणि हात दिसावेत. एक दिवा घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि नवऱ्यासमोर रहस्यकथा ठेवली.

"अहो, वर बघायचं नाही हं. काही झालं तरी नाही."

"नाही बघणार."

शांतोबा पानं उलटत गेला आणि दिवा तेवत राहिला. पोळी वाढायला म्हणून सासूबाई आल्या, मुलाकडे बघून म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा याच्या न हलण्याचा कोणाला उपयोग झाला गं!"

आणि मग दालनात शेवटची चाचणी ठरली. ग्रंथपाल हजर, मोठे साहेब हजर, नेहमीचे वाचक आपापल्या जागी. शांतोबा इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या मेजाशी बसला होता. बाईंनी रहस्यकथेचा दुसरा भाग त्याच्यापुढे ठेवला. तेवढ्यात साहेब पुढे झाले.

"छे, छे! ही संधी दवडायची? आपलंच पुस्तक वाचू द्या त्यांना." असं म्हणून त्यांनी पिशवीतून कारखान्याचं जाडजूड माहितीपुस्तक काढलं. स्वतःच लिहिलेलं ते पुस्तक रहस्यकथा बाजूला सारून त्यांनी शांतोबासमोर उघडलं.

बाईंचा जीव खाली-वर झाला. ते पुस्तक त्यांनी वाचायला घेतलं होतं. त्यांच्यासारखी बाई दुसऱ्या पानावर पेंगली होती, मग या माणसाचं काय? पण साहेबांना सांगणार कसं?

शांतोबाने पहिलं पान उलटलं. दिवा छान. दुसरं उलटलं. दिवा छान. ग्रंथपालांनी मान डोलावली. तिसरं पान यायला जरा वेळ लागला. चौथ्याला त्याहून जास्त. बाई मनातल्या मनात नवऱ्याला ढोसत होत्या. उलटा हो, उलटा! पाचव्या पानावर शांतोबाचा हात आला, कोपऱ्याशी थबकला आणि तिथेच राहिला.

आजूबाजूचे दिवे झळकत होते. मधल्या मेजावर अंधार झाला.

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंना समोर पांढरी टोपी आणि चिमटा स्पष्ट दिसायला लागला. आणि त्या शांततेत मधल्या मेजावरून एक बारीक, संथ, समाधानी घोरणं ऐकू आलं.

ग्रंथपाल पुढे वाकले. "झोपले?"

"हो," बाई म्हणाल्या. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "वाचत असते तर राहिला असता हो दिवा. देवाशपथ राहिला असता. त्यांना झोप लागली म्हणून..."

"म्हणजे वाचणाऱ्याचा राहतो, आणि झोपणाऱ्याचा जातो?"

"हो. पण..."

"पण काय पण!" ग्रंथपालांचे डोळे चमकले. "बाई, या दालनात अर्धे लोक झोपायला येतात. मी त्यांना उठवायला जातो, पण कुजबुजून कधी घोरणारा उठलाय? मोठ्याने बोलावं तर बाकीच्यांची शांतता भंगते. जन्म गेला माझा यात! आता मला लांबूनच दिसेल कोण झोपलंय ते." आणि मग जे कोणी कधी ऐकलं नव्हतं ते झालं. ग्रंथपाल हसले. खदखदून, छातीतून, आवाज करत हसले.

"श्श्!" सगळं दालन एका सुरात म्हणालं. पेन्शनर तर वर्तमानपत्र खाली ठेवून, बोट ओठांवर नेऊन म्हणाले.

ग्रंथपाल ओशाळले आणि पुन्हा कुजबुजायला लागले. "वरच्या सगळ्या मजल्यांवर असंच हवं. हेच, आणि याच बाईंनी बसवलेलं. आणि साहेब, तुमचं हे पुस्तक इथे ठेवून जा. झोपणाऱ्यांची चाचणी घ्यायला याच्यासारखं दुसरं नाही."

साहेबांना यावर हसावं की रागवावं ते कळेना. आपलं पुस्तक वाचनालयाने ठेवून घेतलं, एवढंच त्यांनी पुढे सगळ्यांना सांगितलं.

हसण्याच्या आवाजाने शांतोबाला जाग आली होती. त्याने सावकाश पान उलटलं आणि दिवा लागला. बाई त्याच्या खुर्चीशी येऊन वाकल्या.

"अहो, जीव गेला होता माझा! झोपलात कसे?"

"अगं, तूच म्हणालीस ना, वर बघायचं नाही," शांतोबा म्हणाला. "साहेब पुन्हा पुन्हा समोर येऊन उभे राहत होते. सारखी मान वर करावीशी वाटायला लागली. मग डोळेच मिटून घेतले."

बाईंना यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण दादांनी शिडी खांद्यावर घेतली होती आणि वरचे मजले बघायचे होते. "इथेच बसा, आलेच मी!" असं सांगून त्या जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर पळाल्या. शांतोबाने इकडेतिकडे बघितलं, साहेबांचं पुस्तक अलगद मिटलं आणि रहस्यकथा ओढून घेतली.